महाविद्यालयाच्या आवारात पर्यावरणाचे काम कसे उभे करावे: ठाणे-नवी मुंबईतील नवागतांसाठी

प्रवेशप्रक्रिया आटोपली की ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक महाविद्यालयांत निसर्ग मंडळ, राष्ट्रीय सेवा योजना किंवा एखादी समिती पर्यावरणाच्या कामासाठी विद्यार्थ्यांची नावे नोंदवून घेते. नाव नोंदवणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असो किंवा ही जबाबदारी नुकतीच अंगावर आलेले प्राध्यापक असोत, नेमके करायचे काय हा प्रश्न दोघांनाही पडतो. रोपे लावणे, भित्तिपत्रक स्पर्धा घेणे आणि छायाचित्रे अहवालाला जोडणे हे त्याचे तयार उत्तर आहे. त्याहून अधिक कष्टाचे, पण पुढच्या वर्षीही चालू राहील असे काम ज्यांना करायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. विद्यार्थी तीन वर्षांत बाहेर पडतो, परीक्षेच्या दिवसांत दिसत नाही आणि मे महिन्यात गावी असतो. आवार मात्र बारा महिने चालते आणि ते चालवणारे लोक वेगळे असतात: शिपाई, सफाई कर्मचारी, माळी, सुरक्षारक्षक, वीजतंत्री, कॅन्टीनचालक आणि कार्यालयीन अधीक्षक. जो उपक्रम या माणसांच्या रोजच्या कामात बसतो तो टिकतो. जो केवळ उत्साहावर उभा असतो तो सहामाही परीक्षेपर्यंत संपतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच निकष लावला आहे.

पहिली पायरी: आवार समजून घेणे

आपल्याकडील अनेक आवारांत सकाळी कनिष्ठ महाविद्यालय, दुपारी वरिष्ठ महाविद्यालय आणि संध्याकाळी विधी किंवा व्यवस्थापनाचे वर्ग भरतात. एकाच वर्गखोलीचे दिवसात तीन धनी होतात आणि चालू राहिलेला पंखा नेमका कोणाचा, याचे उत्तर कोणाकडेच नसते. विजेचे बिल पुष्कळदा शिक्षणसंस्थेच्या नावाने येते, महाविद्यालयाच्या नव्हे. त्यामुळे बचत झाली तरी ती प्राचार्यांच्या हिशेबात दिसत नाही. म्हणून आरंभीच एका कागदावर लिहून काढावे: कोणती इमारत कोण वापरते, कोणते मीटर कोणत्या इमारतीचे आहे, पाण्याच्या टाक्या कुठे आहेत, पंप कोण चालवतो, कचरा कोण उचलतो आणि कॅन्टीनचा करार कोणाशी व केव्हापर्यंत आहे. ही माहिती कार्यालयात मागण्यापेक्षा नळदुरुस्ती करणाऱ्या किंवा वीजतंत्री काकांबरोबर आवाराची एक फेरी मारून जास्त लवकर मिळते.

त्यानंतर प्राचार्यांच्या नावे अर्ज करावा आणि त्याची प्रत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या समन्वयकांना द्यावी. नॅक म्हणजे महाविद्यालयांना मानांकन देणारी राष्ट्रीय संस्था; तिच्या मूल्यांकनात ऊर्जा, पाणी, कचरा आणि हरित परिसर यांविषयी विचारणा होते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानेही पर्यावरणस्नेही आवारासाठी ‘सतत’ नावाचा आराखडा दिलेला आहे. या दोन्हींचा उल्लेख अर्जात असला की फाइल लवकर हलते. हरित लेखापरीक्षणाचे प्रमाणपत्र चौकटीत लावून मोकळे होणारी महाविद्यालये आहेत, हे खरे. तरीही परवानगी मिळवण्यासाठी नॅकसारखे साधन नाही.

दुसरी पायरी: मोजणी

मोजल्याशिवाय काहीही बदलू नये, कारण नंतर फरक दाखवता येत नाही. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. लेखापालांकडून वर्षभराची बिले घेऊन तो एका तक्त्यात उतरवावा. पाण्यासाठी मीटर असल्यास सकाळी कामकाज सुरू होण्यापूर्वी आणि रात्री आवार बंद झाल्यावर असे दोन आकडे टिपावेत. रात्री सगळे बंद असताना मीटर फिरत असेल, तर कुठेतरी गळती आहे हे निश्चित समजावे.

कचऱ्याची मोजणी मात्र हाताने करावी लागते. पदार्थविज्ञान विभागाचा ताणकाटा मागून आणावा, एक आठवडाभर कॅन्टीन, वर्गखोल्या, ग्रंथालय आणि प्रसाधनगृहे यांच्या पिशव्या वेगवेगळ्या तोलाव्यात आणि त्यात काय आहे ते नोंदवावे. हातमोजे आणि मुखपट्टी अनिवार्य समजावी. प्रसाधनगृहातील पिशव्या उघडू नयेत, केवळ वजन घ्यावे. या मोजणीला कायदेशीर महत्त्वही आहे: घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार दिवसाला १०० किलोंपेक्षा अधिक कचरा निर्माण करणारी संस्था मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणारी ठरते आणि ओल्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी तिच्यावर येते. वसतिगृह आणि मोठे कॅन्टीन असलेले आवार ही मर्यादा कधी ओलांडते, हे पुष्कळदा व्यवस्थापनालाही ठाऊक नसते.

तिसरी पायरी: कॅन्टीन आणि ओला कचरा

सुरुवात इथूनच करावी, कारण बदल इथे सर्वांना दिसतो आणि पैसाही फारसा लागत नाही. चहाचा कागदी कप घ्या. त्याच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो रद्दीत जात नाही, खतातही जात नाही. स्टीलचे पेले ठेवा असे सांगितले की कॅन्टीनचालकाचा पहिला प्रश्न असतो, धुणार कोण? तो योग्यच आहे. धुण्यासाठी वाढीव माणूस, पाणी आणि जागा लागते, आणि हा खर्च त्याने एकट्याने सोसावा असे म्हणणे अन्यायाचे होईल. यावर दोन उपाय चालू शकतात: स्वतःचा पेला आणणाऱ्याला चहा एक रुपयाने स्वस्त द्यावा, किंवा कराराचे नूतनीकरण होताना स्टीलची भांडी आणि धुण्याची व्यवस्था या अटी निविदेतच घालून त्या प्रमाणात भाडे कमी करावे. दुसरा उपाय अधिक पक्का आहे. करार बहुधा उन्हाळी सुट्टीत होतात, त्यामुळे त्या अटींचा मसुदा मार्चपूर्वी कार्यालयात पोहोचला पाहिजे.

प्लास्टिकच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, स्ट्रॉ आणि सजावटीचे थर्माकोल तीत येते. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्याही चालत नाहीत. कॅन्टीनचालकाला हे दमदाटीने न सांगता लेखी कळवावे आणि पर्यायी वस्तू कुठे मिळतात तेही सोबत द्यावे.

खताचे काम बारकाईने करावे लागते. हिरवा डबा ओल्याचा आणि निळा सुक्याचा, हे सर्वांना पाठ असते. तरी वर्गात ठेवलेल्या डब्यांत दोन्ही एकत्रच पडते. म्हणून वर्गांतील डबे काढून टाकावेत आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ डब्यांची एकच जोडी ठेवावी. कॅन्टीनच्या स्वयंपाकघरातील डबा मात्र वेगळा असावा, कारण शुद्ध ओला कचरा तिथेच मिळतो: भाज्यांची देठे, कांद्याची साले, चहाचा चोथा, अंड्याची टरफले.

ओल्या कचऱ्यासाठी जाळीचे किंवा भोके पाडलेले किमान दोन मोठे पिंप लागतात. एक भरत असताना दुसरे मुरत राहते. तळाशी सुक्या फांद्यांचा थर द्यावा, त्यावर ओल्या कचऱ्याचा एक भाग आणि सुक्या पाल्याचे दोन भाग असे आकारमानाने थर रचावेत, आणि विरजण म्हणून जुने खत मूठभर घालावे. आठवड्यातून एकदा ढीग खालीवर करावा. ओलावा तपासण्यासाठी मिश्रण मुठीत दाबावे: एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला वाढवावा, काहीच आले नाही तर पाणी शिंपडावे. आंबट किंवा उग्र वास येऊ लागला, तर हवा कमी पडते आहे असे समजून ढीग उलटावा आणि सुका पाला मिसळावा. तेलकट रस्सा आणि शिजलेला भात फार घालू नये, त्याने उंदीर येतात. सुमारे दोन महिन्यांत काळपट, मातीच्या वासाचे खत हाती येते.

आपल्या हवामानात या पद्धतीची खरी कसोटी जुलैमध्ये लागते. कॅन्टीन त्या वेळी जोरात चालू असते, ओला कचरा भरपूर असतो आणि आवारात सुके पान औषधालाही मिळत नाही. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. तेव्हाच माळीकाकांच्या मदतीने पाला गोण्यांत भरून, कोरड्या जागी पावसाळ्यासाठी साठवून ठेवावा. असे केले की पाला जाळण्याचा प्रश्नही आपोआप सुटतो. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये ५,००० रुपयांचा आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांचा दंड ठरवला आहे. पिंपांवर पत्रा हवाच, आणि ती प्राचार्यांच्या खिडकीखाली ठेवू नयेत. पहिल्या दुर्गंधीबरोबर बंद पडलेले खतप्रकल्प थोडेथोडके नाहीत.

चौथी पायरी: वीज

वर्गात शिरताना दाराजवळच्या बोर्डाकडे पाहावे. बारा-चौदा बटणे एका ओळीत असतात, कोणत्या बटणाने कोणता पंखा फिरतो हे कोणालाही ठाऊक नसते, त्यामुळे एक पंखा हवा असणारा सगळी बटणे दाबतो आणि शेवटच्या बाकावरचे चार पंखे दिवसभर रिकाम्या जागेवर वारा घालतात. एका दुपारी वीजतंत्र्यांना सोबत घेऊन प्रत्येक बटणाखाली रंगीत ठिपका चिकटवावा: पुढच्या रांगेला लाल, मधल्या रांगेला पिवळा, मागच्या रांगेला निळा. या कामाचा खर्च एका पाकीट चिकटपट्टीचा आहे.

आता हिशेब. साधा छतपंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. आठ पंख्यांचा वर्ग मधल्या सुट्टीत आणि मोकळ्या तासांत मिळून दिवसाला तीन तास रिकामा असताना चालू राहिला, तर १.८ युनिट वाया जातात. असे चाळीस वर्ग असतील तर रोजचे ७२ युनिट होतात. सर्वाधिक गळती दोन सत्रांच्या मधल्या वेळेत होते, जेव्हा सकाळचे शिपाई निघालेले असतात आणि दुपारचे यायचे असतात. ही वेळ सांभाळण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे, तिच्या नावाने, लेखी स्वरूपात दिली जाईल असे पाहावे. विद्यार्थी स्वयंसेवक तिथे पर्याय ठरत नाहीत.

उपकरणे बदलायची वेळ आली की क्रम महत्त्वाचा असतो. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. आठ पंखे बदलल्यास वर्गामागे ३६० वॅट वाचतात, आणि दिवसाला आठ तास व वर्षाला २०० दिवस धरल्यास ही बचत ५७६ युनिट होते. व्यवस्थापन सर्व पंखे एकदम बदलणार नाही. म्हणून जो पंखा बिघडेल त्याच्या जागी नवीन खरेदी या प्रकारचीच होईल, एवढा ठराव करून घ्यावा. वातानुकूलन यंत्रे २४ अंशांवर ठेवण्याचा नियम कार्यालय आणि संगणक कक्षापासून लागू करावा, विद्यार्थ्यांच्या खोल्यांपासून नव्हे.

छतावरील सौर संच सर्वांनाच हवासा वाटतो. एक किलोवॅटला सुमारे दहा चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. पावसाळ्यात ती बरीच कमी होते. सर्वाधिक वीज एप्रिल-मे महिन्यांत तयार होते, नेमके तेव्हा वर्ग बंद असतात, त्यामुळे महावितरणकडून नेट मीटर (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करून घेणारे मीटर) घेतल्याखेरीज हा खर्च करू नये. आधी वापर कमी करावा, मग उरलेल्या गरजेइतका संच बसवावा. उलटा क्रम महाग पडतो.

पाचवी पायरी: पाणी

नवी मुंबई महानगरपालिकेचे स्वतःचे मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे. ठाण्याला प्रामुख्याने भातसा आणि उल्हास नद्यांचे पाणी मिळते. हे पृष्ठभागावरील पाणी असल्याने त्यात क्षार साधारणपणे कमी असतात, आणि तरीही आवारांत जागोजागी आरओ यंत्रे (पाण्यातील क्षार पडद्यातून गाळून काढणारी) बसवलेली दिसतात. आरओ यंत्र पाणी शुद्ध करताना मोठा हिस्सा गटारात सोडते. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओ वापरू नये, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये घेतली होती. रसायनशास्त्र विभागातील टीडीएस मीटरने (हे विरघळलेले क्षार मोजते) प्रत्येक पाणपोईचे पाणी तपासावे. आकडा कमी आला, तर पुढच्या वेळी यूव्ही (अतिनील किरणांचे) किंवा यूएफ (सूक्ष्म गाळणीचे) यंत्र घेण्याची शिफारस करावी. आकडा जास्त आला, तर टाकी किंवा बोअरवेलची चौकशी करावी. जंतूंसाठी वेगळी चाचणी आवश्यक आहे, टीडीएस मीटर ते सांगत नाही.

टपकणाऱ्या नळाखाली लिटरची बाटली ठेवून ती किती वेळात भरते ते पाहावे. तासाभरात भरली तर तो एक नळ वर्षाला ८,७६० लिटर पाणी वाया घालवतो. ‘पाणी वाचवा’ या फलकापेक्षा अधीक्षकांच्या टेबलावर ठेवलेला हा आकडा आणि नळाचा क्रमांक अधिक लवकर दुरुस्ती घडवून आणतो.

पर्जन्यजलसंचयाचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्याकडे हंगामात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे ५०० चौरस मीटरच्या छतावर दहा लाख लिटर. त्यातील ऐंशी टक्के पकडता आले तरी ते साठवायला तेवढी टाकी कोणाकडेच नसते. व्यवहार्य मार्ग असा की, पावसाळ्याच्या चार महिन्यांत छताचे पाणी गाळून प्रसाधनगृहांच्या टाकीत सोडावे. जमिनीत मुरवण्याच्या खड्ड्याबाबत मात्र जागा पाहून ठरवावे. येऊरच्या पायथ्याशी किंवा घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडील बाजूस तो उपयोगी ठरू शकतो. वाशी-नेरूळच्या खाडीलगतच्या भरावावर भूजल अगदी वर आणि मचूळ असते, तिथे खड्डा पावसाळ्यात नुसता तुंबतो. भूगोल किंवा स्थापत्य विभागाकडून जवळच्या विहिरीची पातळी आणि पाण्याची चव तपासून मगच खर्च करावा.

सहावी पायरी: झाडे आणि खाडी

वृक्षलागवड जूनमध्ये साजरी होते आणि रोपे मार्चमध्ये वाळतात. ऑक्टोबर ते मे या काळात आठवड्यातून दोनदा पाणी कोण घालणार, याचे नाव ठरल्याशिवाय एकही खड्डा खणू नये, आणि हे किमान दोन उन्हाळे चालू राहिले पाहिजे. शंभर रोपांपेक्षा दहा जगलेली बरी. त्याआधी असलेल्या झाडांची गणना करावी. बुंध्याभोवती काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक भिडलेले असतील, तर किमान एक मीटरचा मोकळा घेर करून घ्यावा. कोणतेही झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे बांधकाम समितीलाही माहीत असलेले बरे. खाऱ्या वाऱ्याच्या जागी करंज, भेंड आणि उंडी, तर आतल्या बाजूस ताम्हण, बहावा, कांचन आणि कदंब हे पर्याय चांगले आहेत.

ठाण्याची खाडी आपल्या कामाचा भाग आहे. तिचा १,६९० हेक्टरांचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. आवारातील नाला शेवटी तिथेच पोहोचतो, प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये ओतलेले डायक्रोमेट (क्रोमियमचे विषारी रसायन) देखील त्यातून तिथवर जाऊ शकते. म्हणून रसायनशास्त्राच्या प्रयोगांत कमी मात्रेच्या पद्धती स्वीकाराव्यात, जड धातूंची द्रावणे नाव लिहिलेल्या बाटल्यांत साठवावीत आणि तळोजा औद्योगिक वसाहतीतील धोकादायक कचऱ्याच्या सामाईक सुविधेकडे ती पाठवण्याची व्यवस्था महाविद्यालयाने करावी. खाडीकाठच्या खारफुटीत मात्र स्वच्छता मोहीम किंवा लागवड वनविभागाच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय करू नये. उत्साहाच्या भरात कोवळी रोपे तुडवली जातात.

सातवी पायरी: इतर गोष्टी

निकामी संगणक आणि बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्याव्यात आणि पावती जपून ठेवावी. महोत्सवांच्या काळात फ्लेक्सऐवजी कापडी फलक वापरावेत आणि त्यावर वर्ष छापू नये, म्हणजे ते पुन्हा वापरता येतात. प्रवासाबाबत विद्यार्थ्यांना फारसे सांगण्याची गरज नाही. ते बहुधा ट्रान्स-हार्बर लोकल, एनएमएमटी, टीएमटी किंवा शेअर रिक्षानेच येतात. दुचाकी-चारचाकीचा प्रश्न मुख्यतः शिक्षकांच्या वाहनतळाचा आहे, आणि तो सुज्ञपणे सर्वांत शेवटी काढावा.

आठवी पायरी: काम सोपवणे

राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. खताचा ढीग, मीटरवाचन आणि झाडांची गणना ही कामे कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या संमतीने त्यात धरून घ्यावीत. सर्व आकडे एकाच जाड वहीत लिहावेत आणि ती वही विद्यार्थ्याच्या घरी न जाता ग्रंथालयात राहावी. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पुढच्या वर्षीची चमू निवडून तिच्याकडून जुन्या चमूसमोर एक आठवडा सारी कामे करून घ्यावीत. मे महिन्यात पाणी घालणाऱ्या माळीकाकांचे नाव, खताच्या पिंपांची स्थिती, साठवलेल्या पाल्याच्या गोण्यांची संख्या आणि कॅन्टीनच्या कराराची तारीख ही माहिती वहीच्या पहिल्या पानावर लिहून, त्याखाली अधीक्षकांची सही घ्यावी.